परक्याच्या वहीत शून्य

इस्त्री चालू करायची की कॉम्प्युटर, हा प्रश्न गेले पाच दिवस मास्तरांपुढे रोज सकाळी उभा राहत होता. त्यांच्या शिलाईच्या दुकानात दोन्ही एकाच फ्यूजवर होते. इस्त्री तापली की फ्यूज उडायचा आणि कॉम्प्युटरचे चाललेले काम अर्ध्यावर थांबायचे. इस्त्रीविना पडलेल्या सात पँटी टेबलावर एकमेकींच्या अंगावर लोळत होत्या, आणि हल्ली सुरकुत्यांचीच फॅशन आहे असे मास्तर गिऱ्हाइकांना न अडखळता सांगत होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक कोटवाला होता. दोन वर्षांपूर्वी तो तीन कोट शिवायला टाकून गेला आणि शिलाई त्याने आगाऊ दिली. पण नोटांत नव्हे, तर क्रिप्टोच्या नाण्यांत. मास्तरांच्याच फोनवर त्याने एक पाकीट उघडले, त्यात नाणी पाठवली आणि पाकिटाची किल्ली म्हणून पंचवीस शब्द एका कागदावर लिहून दिले. पुढे तो फोन बादलीत पडून वारला. कागद मात्र मास्तरांनी मापाच्या वहीत, कोटवाल्याच्या पानालाच टाचून ठेवला होता. "तीन कोटांची शिलाई वाऱ्यावर गेली," असे मास्तरीणबाई आठवड्यातून एकदा तरी म्हणत. त्यात राग नसे. घड्याळाला चावी द्यावी इतक्या शांतपणे त्या ते म्हणत.

मागच्या आठवड्यात मास्तरांच्या मेहुण्याने बातमी आणली, की त्या नाण्याचा भाव चढलाय. इतका, की तीन कोटांच्या शिलाईत भरतकामाचे एक जुने मशीन सहज यावे. आणि तसे मशीन होतेही. एक कारखाना बंद पडत होता, त्यातले शेवटचे उरलेले. मास्तरीणबाईंनी चौदा वर्षे ब्लाउजांच्या गळ्यांवर आणि पडद्यांच्या काठांवर हाताने वेलबुट्ट्या काढल्या होत्या, आणि आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम बंद करा म्हणून बजावले होते. मशीनवाला म्हणाला होता, "गुरुवारी पाच वाजेपर्यंत थांबतो. मग दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे."

आज गुरुवार होता.

मास्तरांनी जुन्या कॉम्प्युटरवर पाकिटाचा प्रोग्राम टाकला होता खरा. पण तो म्हणे आधी साऱ्या जगाची खातेवही उतरवून घेणार आणि मगच यांचे पान दाखवणार. पहिल्या दिवशी पडद्यावर 'नऊ दिवस बाकी' असे आले होते. पाच दिवस इस्त्रीशी झुंजल्यावर आता 'अकरा दिवस बाकी' असे दिसत होते.

"भाऊजी, अख्खी वही घरी आणायचीच कशाला?" मेहुणा म्हणाला. तो झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता आणि आज मुद्दाम रजा काढून आला होता. "दूरच्या नोडला जोडू ना. म्हणजे कुणाच्यातरी कॉम्प्युटरवर ती वही आधीच आहे. तो पानं वाचून दाखवणार, त्यातलं आपलं कुठलं ते आपण ओळखायचं."

"हा कोण?"

"माहीत नाही."

"राहतो कुठं?"

"लांब कुठंतरी."

"आणि त्यानं आपल्या पाकिटात हात घातला तर?"

"घालताच येत नाही. किल्ली आपल्यापाशी. तो फक्त वाचणारा."

"फुकट वाचतो?"

"फुकट."

"फुकट काम करणारा माणूस मी आजवर पाहिला नाही," मास्तर म्हणाले. मेहुणा सकाळपासून फुकटच बसला होता.

मास्तरीणबाई काज करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अहो, पाचला पाच तास राहिलेत."

तेवढ्यावर मास्तरांचा तात्त्विक विरोध मावळला. मेहुण्याने नोडांची यादी उघडली. कापडाचे ठाण पारखावे तशी मास्तरांनी ती चष्म्याच्या वरून आणि खालून पारखली, तीन नोड नावे भडक म्हणून बाद केले आणि एक साधासा, घरंदाज वाटणारा पसंत केला. मग ते कागदावरचा एकेक शब्द वाचत गेले आणि मेहुणा टाकत गेला. पंचवीस शब्द झाल्यावर प्रोग्रामने विचारले, पाकीट कधी उघडले? मास्तरांनी जुने पावतीपुस्तक काढले, कोटवाल्याच्या पावतीची स्थळप्रत शोधली आणि तारीख सांगितली. मेहुण्याने ती टाकली. पडद्यावर हिरवी खूण आली आणि लांबचा तो अनोळखी माणूस मुकाट्याने वही वाचायला बसला.

पाऊण वाजता त्याचे वाचून झाले. शिल्लक: शून्य.

"शून्य म्हणजे किती?" मास्तरीणबाईंनी विचारले.

"शून्य म्हणजे शून्य, ताई," मेहुणा म्हणाला.

"तसं नाही रे. म्हणजे अजून यायचंय, की होतं तेवढं आलं?"

मास्तरांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. पंचवीस वर्षांत धंद्याच्या वेळात त्यांचा गळा उघडा पडण्याची ही पहिलीच वेळ. "मी म्हटलं नव्हतं, परक्याला वही वाचायला देऊ नका म्हणून? दुसरा बघ."

दुसरा बघितला. शून्य. तिसरा, चौथा. मघाशी भडक म्हणून बाद केलेल्या तिघांचीही मनधरणी करून झाली. असे सात झाले. सातही जणांनी अगदी एकमुखाने शून्य सांगितले.

आता मास्तरांचे डोके चालू लागले, आणि ते चालू लागले की थांबवायला जवळ कुणी असावे लागे. सात परकी माणसे, एकमेकांचे तोंड न पाहिलेली, ठरवून खोटे बोलणार नाहीत. म्हणजे नाणी खरोखरच गेली. किल्लीशिवाय ती जात नाहीत. किल्लीचे पंचवीस शब्द आजवर पाहिले कुणी? कोटवाल्याने लिहिले. मास्तरांनी टाचले. आणि मापाची वही दुकानात उघडीच पडलेली असते.

"तू मागं दिवाण दुरुस्त करायला आला होतास तेव्हा," मास्तर सावकाश म्हणाले, "दुपारभर दुकानात एकटाच होतास ना?"

मेहुण्याच्या हातातला माऊस तसाच राहिला.

"मला फक्त विचारायचं होतं," मास्तर म्हणाले.

"विचारा की." मेहुणा उठला. त्याने दोन्ही खिसे उलटे करून टेबलावर रिकामे केले. एक कंगवा, घराची किल्ली, फाटलेले तिकीट आणि पेनाचे टोपण निघाले. "त्या लांबच्या माणसाची तुम्ही अर्धा तास चौकशी केलीत, भाऊजी. कोण, कुठला, फुकट का वाचतो. माझी पाळी आली तेव्हा अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही तुम्हाला."

तो गेला. जेवणाचा डबा तिथेच राहिला. मास्तरीणबाईंनी काजाचा दोरा दाताने तोडला, आणि मास्तरांना वाटले, त्या बोलल्या असत्या तर परवडले असते.

शेवटी मास्तरांनी मापाच्या वहीतून नंबर काढून कोटवाल्याला फोन लावला. तो चार वाजता आला, आणि त्या तीन कोटांतलाच एक घालून आला. त्याच्या तोंडावर चोराची काही खूण दिसते का हे मास्तरांनी नीट पाहिले; पण खांद्यापाशी कोट इतका झकास बसला होता, की नजर तिथेच अडकली.

कोटवाल्याने पडदा पाहिला. "तारीख कुठली टाकलीत?"

मास्तरांनी स्थळप्रत पुढे केली.

"मास्तर, ही कोट द्यायची तारीख आहे."

"मग पावतीवर दुसरी कुठली असते?"

"मी कापड कधी टाकलं, ते?"

"ते कशाला लिहायचं? आपण कधी आलो ते गिऱ्हाइकाला ठाऊक असतंच. कधी परत यायचं तेवढं लिहून द्यावं लागतं."

कोटवाला स्टुलावर बसला. "म्हणजे बघा. नाणी मी कापड टाकलं त्या दिवशी दिली. तुम्ही पाकिटाला सांगितलंत, तीन आठवडे पुढच्या तारखेपासून बघ. त्यानं तिथूनच बघितलं. आधीची पानं उघडलीच नाहीत. सात काय, सत्तर जणांकडून वाचून घेतलं असतंत तरी शून्यच आलं असतं."

"कुणी नेलं नाही?" मास्तरीणबाईंनी विचारले.

"कुणी हातही लावला नाही, वहिनी. आणि खरं सांगू का, या तारखेलाही कोट मिळाले नव्हते मला. त्याच्यानंतर पाच आठवड्यांनी मिळाले."

"काजं राहिली होती," मास्तर पुटपुटले.

कोटवाल्याने आपल्या फोनमध्ये खरी तारीख शोधली आणि ती प्रोग्राममध्ये भरली. पाच मिनिटे झाली नसतील, पडद्यावर रक्कम उमटली. पण बाकीची दोन वर्षे वाचून झाल्याशिवाय त्यातले एक नाणेही प्रोग्राम हलू देईना. आता नोडवर गर्दी झाली होती; 'दोन तास बाकी' असे प्रोग्रामचे म्हणणे होते. साडेचार वाजले होते.

"नाणी मीच घेतो आजच्या भावानं," कोटवाला म्हणाला. "मशीनवाल्याला पैसे आत्ता पाठवतो. तुम्ही नाणी सावकाश द्या."

"आणि आम्ही नाहीच दिली तर?" हे मास्तरांच्या तोंडून निघून गेले. आज त्यांच्या तोंडाला तशी सवयच लागली होती.

"तीन कोटांची शिलाई आगाऊ देऊन मी आठ आठवडे थांबलो होतो, मास्तर. दोन तासांचं काय घेऊन बसलात."

मशीन आले. कोपऱ्यातल्या दिवाणाशेजारी ते बसलेही चपखल. मास्तरांनी हौसेने त्यावरची चादर ओढायला हात घातला, तेव्हा मास्तरीणबाईंनी ती चादर पुन्हा चापून बसवली.

"माझा भाऊ या दुकानात पाऊल टाकत नाही, तोवर या मशीनवर टाका पडणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू होता, की मोडता घालायला त्यात कुठे बोट शिरेना.

दुसऱ्या दिवशी मास्तर धुतलेला डबा घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. माफी कशी मागतात हे त्यांना ठाऊक नव्हते. बराच वेळ ते यंत्रातून निघणारे कागद पाहत राहिले. मग त्यांनी गळ्यातला टेप काढला.

"हात वर कर."

"कशाला?"

"सूट शिवायचाय तुझा. शिलाई नाही घ्यायची."

मेहुण्याने हात वर केले. माप झाल्यावर मास्तरांनी रीतसर पावती फाडली. आयुष्यात पहिल्यांदा तीवर दोन तारखा होत्या. माप घेतल्याची आजची, आणि द्यायची पुढच्या शनिवारची.

"दुकानात येऊन घेऊन जायचा. बहिणीला तेवढंच बरं वाटेल," मास्तर म्हणाले.

"येईन की," मेहुणा पावती घडी करत म्हणाला. त्याचा राग उतरला होता.

ते आठ दिवस मास्तरांनी दुसऱ्या कापडाला कात्री लावली नाही. शनिवारी सकाळी दहा वाजता सूट खुंटीवर टांगला होता. अस्तर, काजे, बटणे, इस्त्री, सगळ्यासकट. दुकान उघडल्यापासून असे कधी घडले नव्हते. मास्तरीणबाईंनी दोनदा उठून तो पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हलले. मेहुणा दुपारपर्यंत आला नाही. संध्याकाळीही नाही. रविवार गेला. सोमवारी मास्तरांनी फोन लावला.

"अरे, सूट तयार आहे. तू आला नाहीस?"

"तयार?" पलीकडे झेरॉक्सचे यंत्र थांबल्याचे ऐकू आले. "तुम्ही शनिवार म्हणालात ना, भाऊजी? म्हणून मी पुढच्या महिन्याची वीस तारीख धरली. रजाही तेव्हाचीच टाकलीय. त्याच्याआधी आता सुटता येणार नाही."

मास्तरांनी फोन ठेवला आणि झाले ते सांगितले. मास्तरीणबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, चादरीची एक सुरकुती सारखी केली आणि आपली जुनी भरतकामाची रिंग, सुईसकट, मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

"तोवर हे तुम्ही भरायचं," त्या म्हणाल्या. "बारा पडदे आहेत. तारीख मी शनिवारची दिलीय."