व्हर्नाचा तडा

१९७४ सालच्या हिवाळ्यात, पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झ गावी, ऑरविल स्टॉफरला आयुष्यातला पहिला नवा ठसा सापडला. त्याच्या बायकोला, व्हर्नाला, जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

ऑरविल निवृत्त घड्याळजी. चाळीस वर्षं त्याने जुने चांदीचे अर्धे डॉलर जमवले, तेही ठशांच्या क्रमाने. टांकसाळीत नाणं ज्याने उमटवतात त्या ठशाला तडा गेला, की पुढच्या प्रत्येक नाण्यावर तशीच रेघ उमटते. अशा नव्या रेघेसाठी माणसं जन्म घालवतात. नाणी बँकेच्या लॉकरात, घरी पाहायचे ते फोटो. फोटो तो काढायचा आणि तळघरात यंत्रावर मोठे करायची व्हर्ना. आता तेही त्याच्याच गळ्यात पडलं होतं, तेसुद्धा मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी.

१८१२च्या एका नाण्याच्या फोटोत, त्यावरच्या लिबर्टी देवीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत नाजूक पांढरी रेघ दिसली. तड्यांच्या कुठल्याच यादीत ती नव्हती. ‘‘यादीत तुझंही नाव येईल रे एकदा,’’ व्हर्ना म्हणायची. त्याने ठरवलं, रेघेला नाव तिचं द्यायचं.

‘‘एका नाण्यावर आपला नाणेसंग्राहकांचा क्लब ऐकायचा नाही,’’ त्याचा मित्र, दातांचा डॉक्टर लॉइड हेस म्हणाला आणि स्वतःचं नाणं घेऊन आला. ऑरविलने काढलेल्या त्याच्या फोटोतही तीच रेघ. लॉइडने नाणं भिंगाखाली धरलं.

‘‘अंधुक आहे. पण आहे. मला वीस वर्षं वाटतच होतं.’’

मग १८१५च्या नाण्यावरही ती निघाली.

‘‘अरे, साल वेगळं आहे,’’ लॉइड म्हणाला.

‘‘टांकसाळवाले चिकट रे. जुन्याच ठशावर नवं साल कोरायचे.’’

क्लबला पत्र गेलं. यादीत ‘व्हर्नाचा तडा’ म्हणून जागा राखली गेली. एप्रिलच्या अधिवेशनात ऑरविलला भाषण करायचं होतं. त्यासाठी त्याने सदऱ्याला स्वतः इस्त्री केली आणि कॉलर जाळली.

अधिवेशनाआधीच्या रविवारी त्याची लेक मार्लीन जेवण घेऊन आली. नातीच्या बाप्तिस्म्याचे फोटो त्याने धुऊन ठेवले होते.

‘‘बाबा, एमीच्या तोंडावर हे काय?’’

कपाळापासून हनुवटीपर्यंत. जेवायला आलेल्या लॉइडने चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं.

‘‘पोरगी टांकसाळीतून नाही ना आणलीस?’’

तिघं तळघरात उतरले. मार्लीनने यंत्रातली, फिल्म दाबून धरणारी काच उचलली. खाली एक लांब पांढरा केस होता.

‘‘आईचा,’’ ती म्हणाली. तिने फडकं घेतलं.

‘‘राहू दे,’’ ऑरविल म्हणाला.

‘‘बाबा, क्लबला काय सांगणार?’’

‘‘तडा नाही म्हणून सांगेन.’’

लॉइड जिन्यावर बसला होता. ‘‘नाव मात्र बरोबर ठेवलं होतंस,’’ तो म्हणाला.

पुढे लॉइड दवाखाना विकून फ्लोरिडाला गेला. ते नाणं त्याने पुन्हा भिंगाखाली धरलं नाही. मार्लीनला आणखी दोन मुलं झाली, त्यांचे फोटो तिने स्टुडिओत काढून घेतले. ऑरविल १९८३मध्ये गेला. तोवर त्याचे फोटो क्लबच्या पत्रिकेत येत राहिले, आणि संपादक प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत न चुकता छापायचे : रेघ नाण्यावर नाही.