सुदामकाकांचं चमकेशी वैर

चकचकीत सनमायका मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानातून हाकलून देणारा सुतार अख्ख्या जगात एकच आहे, आणि तो नेमका शेलूबाजारात माझ्या दुकानाला भिंत लावून बसला आहे. एका नवरीच्या बापानं आरशासारखं चमकणारं कपाट मागितलं, तर सुदामकाकांनी हातातला रंधा खाली ठेवला. म्हणाले, "कपाट पायजे का तोंड पाहाचं हाय? तोंड पाहाचं असन तं सलून तिकडे हाय." त्या दिवशी सोयरीक मोडता मोडता राहिली असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

"चमक म्हंजे बेइमानी," हे त्यांचं पालुपद. गुळगुळीत लग्नपत्रिका ते उलटी करून वाचतात. मागं काहीच छापलेलं नसतं, म्हणून लग्नाला जात नाहीत. हायवेवरच्या ट्रकची काच डोळ्यांवर लकाकली की काम टाकून रस्त्यात जातात आणि शिव्या देतात. शिव्या संपेपर्यंत ट्रक कारंज्याला पोचून रिकामा झालेला असतो. सूर्याशी त्यांचं भांडण टळतं ते एवढ्याचसाठी, की तो रोज संध्याकाळी न सांगता निघून जातो.

या वैराला खरी धार आली ती टॅबमुळे.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी पेपरातली बारीक अक्षरं त्यांना लागेनात. नवराबायकोचा चाळीस वर्षांचा नेम होता. दुपारी जेवण झालं की काका फळीवर आडवे व्हायचे, आणि काकू उशाशी बसून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत पेपर मोठ्यानं वाचायच्या. तो नेम बंद पडला. पुण्याच्या लेकीनं टॅब पाठवला, त्यात अक्षरं बोराएवढी करता येतात म्हणून. झाली बोराएवढी. पण काकूंना त्या काचेत टिनाचं छप्पर दिसे, पंखा दिसे, स्वतःचं कुंकू दिसे. बातमी तेवढी दिसेना. दोन ओळींतच डोळ्यांतून धार.

काका तडक माझ्या मोबाइलच्या दुकानात आले आणि टॅब काउंटरवर आपटला. "विलास, याची चमक काढ."

मी सांगितलं, की कागदासारखी खरबरीत फिल्म येते, मॅट म्हणतात तिला. या मापाची अकोल्याहून मागवावी लागेल. आठ दिवस.

"चमक काढाले आठ दिवस? मी अर्ध्या तासात दरवाजाची काढतो."

आता, सुतारकामात एक रिवाज आहे. कोणतंही पॉलिश आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहायचं, मग खऱ्या लाकडाला हात लावायचा. दुसऱ्या दिवशी मी चहा पिऊन परत आलो तर काउंटरवरचा माझा फोन गायब, आणि भिंतीपलीकडून खस्स खस्स आवाज. जाऊन पाहतो तर काका माझा फोन पाटावर ठेवून झिरो नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरनं घासत होते. एकाच दिशेनं, अगदी निगुतीनं.

मी सुरुवातीला जे बोललो ते छापता येत नाही. छापण्याजोगं तिथून पुढं सुरू होतं.

"काकाजी, माया नवा फोन तुमाले तुकडा दिसते?"

"मंग टॅबवर एकदम घासू काय? आंधी तुकड्यावर करून पाहा लागते. बोंबलून कायले राह्यला? चमक गेली का नाई, ते सांग."

"दिसनंबी गेलं."

"ते येगळं."

आता मोतीबिंदू फोनला झाला होता. रिंग वाजे, पण पलीकडे कोण ते उचलल्यावरच कळे. त्या आठवड्यात मी सासऱ्यांना तीनदा "बोल बे" म्हणालो. काकांचं नि माझं बोलणं बंद झालं. म्हणजे माझं झालं. ते भिंतीपलीकडून रोज गरजत, "आली काय बे फिल्म?"

फिल्म आली. ती लावताना खाली धुळीचा कण जाऊ नये म्हणून काकांनी अर्धा दिवस करवत बंद ठेवली, आपलं दुकान तीनदा धुतलं आणि एक शिंकणारं गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं. मी तिथंच बसून फिल्म लावली. काकूंनी टॅब हातात घेतला. छप्पर गेलं, पंखा गेला, अक्षरं उरली. रंग जरा मळकट, रद्दीतल्या पेपरासारखा. काकू वाचू लागल्या. काका फळीवर आडवे.

अर्धं पान झालं आणि काकूंचा आवाज बसला. इतक्या महिन्यांनी वाचत होत्या. त्या थांबल्या, चष्मा काढला. माझ्यातला दुकानदार गप्प बसेना. मी एक बटण दाबलं, आणि टॅबमधली बाई स्वतःच घडाघडा बातम्या वाचू लागली.

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या. "डोयाले आराम."

काका उठून बसले. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार.

"बंद कर ते."

"काहून?" मी म्हटलं. "कितीक साफ वाचून राह्यली."

"लय साफ वाचते," ते दातओठ खात म्हणाले. "मधात खोकलत नाई. कोनी मेल्याची बातमी आली तं थांबत नाई. मी झोपलो का जागा हाय, एकडाव इचारत नाई."

मी ती बाई बंद केली. काकू कुणाकडेच न बघता चष्मा पुसत राहिल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होत्या. मग तो डोळ्यांवर चढवून त्यांनी टॅब जवळ ओढला.

"कुठं होती मी?"

"सोयाबीनच्या भावावर," काका म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.