शाकाहारी जंगलातली आतडी

एका जंगलात एक कत्तलखाना होता. दचकू नका, बाळांनो. सिंहाच्या राज्यात कत्तलखाना नसेल, तर काय दुधाची डेअरी असेल?

मांस सिंहमहाराजांच्या मुदपाकखान्यात जायचं. कातडी, शिंगं आणि खुरं प्रधान कोल्होबा विकायचे. उरायचं ते रक्त आणि आतडी. ते सगळं गेनूतात्या तरस वाहून न्यायचा, माळावरच्या खड्ड्यात टाकायचा आणि वर चुना-माती ओढायचा. त्याच्या अंगाला वास यायचा, म्हणून त्याला कोणी पंगतीला बसवत नसे. वास मुळात कोणाच्या जेवणाचा, हे विचारायची त्या जंगलात पद्धत नव्हती.

मग एकदा शेजारच्या जंगलाचे हत्तीमहाराज भेटीला यायचं ठरलं. हत्ती पडले शुद्ध शाकाहारी. पाहुण्यांपुढे शोभा नको, म्हणून आपल्या महाराजांनी दवंडी पिटवली, "आजपासून हे जंगल शाकाहारी!"

सशांनी टाळ्या वाजवल्या. सशांना टाळ्यांची भारी हौस. तुम्हालाही असेल, तर जपून राहा.

कत्तलखान्यावर नवी पाटी लागली, 'भाजी निवडण्याचे केंद्र'. बकऱ्या पूर्वीसारख्याच आत जात होत्या, फक्त आता भाजी निवडायला जात होत्या. फार मन लावून निवडत असाव्यात, कारण परत कोणी येत नसे.

प्रधानजींनी गेनूतात्याला बोलावलं. "तात्या, उद्यापासून येऊ नका."

"का वो? काय चुकलं माझं?"

"चुकलं काहीच नाही. पण शाकाहारी जंगलात आतडी निघत नाहीत. मग ती वाहायला माणूस कशाला?"

"मी तरस हाय, मालक. आन् आतडी तर निघत्यात की!"

"निघत नाहीत म्हटलं ना!"

तात्या हसला. तरसच तो, हसण्यापलीकडं काय करणार? टोपली तिथंच टाकून निघून गेला.

आता ही न निघणारी आतडी टाकायची कुठं? केंद्राच्या मागूनच ओढा वाहत होता. ओढा बिचारा कोणाला नाही म्हणत नाही.

ओढ्याच्या खालच्या अंगाला, डोहाकाठी, सोनाक्का राहायची. सोनाक्का म्हणजे पाणमांजर. तिला तीन पिल्लं होती. पिल्लं ते पाणी प्यायली आणि धाकट्यानं अंथरूण धरलं. पोटात काही ठरेना, डोळे उघडेनात. मला सांगतानाही संताप येतो. पण गोष्ट सांगणाऱ्यानं चिडायचं नसतं म्हणे, म्हणून पुढचं ऐका.

सोनाक्का दरबारात गेली. "म्हाराज, वड्यातनं आतडी येत्यात. माझं धाकटं पोर हातचं जाईल आता."

महाराजांच्या तोंडात भाजी होती. बोलले प्रधानजी.

"आतडी? अगं बाई, पडवळ असेल ते."

"आन् रगत?"

"लाल माठ धुतला की पाणी तसंच होतं."

"वास मरणाचा येतोय, त्याचं काय?"

"शिळा कोबी! कधी शिजवलाच नाहीस वाटतं?"

दरबार खो खो हसला. सोनाक्काला वाद घालायला वेळ नव्हता. ती घरी आली, डोहात शिरली आणि कवेत मावेल तेवढं बाहेर ओढू लागली. ओढलेलं माळावरच्या खड्ड्यात नेऊन पुरू लागली.

वाटेत गेनूतात्या भेटला. "अक्का, त्यात हात घालू नगंस. वास तुला चिकटंल."

"चिकटू दे. पोर तर उठंल!"

आणि पोर उठलं की हो! डोहातलं पाणी निवळलं, धाकट्यानं डोळे उघडले आणि मासा मागितला. मासा ही पाण्यातली भाजी, हे दवंडीतच सांगितलेलं होतं.

इकडे हत्तीमहाराज आले. फळं झाली, भाषणं झाली, मग सगळी मंडळी माळावर फेरफटका मारायला निघाली. तिथं समोरून सोनाक्का आली. दोन्ही हातांत आतडी लोंबत होती.

"हे काय?" हत्तीमहाराजांनी विचारलं.

सिंहमहाराजांचं तोंड उतरलं. पण प्रधानजी असे तसे नव्हते.

"आतडी, महाराज! साक्षात आतडी! आमच्या शाकाहारी जंगलात ही बाई चोरून कत्तलखाना चालवते. हा बघा तिचा खड्डा!"

"अवो, पन तुमीच म्हनला न्हवं, पडवळ हाय म्हनून?"

प्रधानजींनी कपाळावर हात मारला. "बघा महाराज, हिला आतडी आणि पडवळ यातला फरकही कळत नाही."

हत्तीमहाराजांनी सोंड वर केली. खरा वास कुठून येतोय, हे एवढ्या लांब नाकाला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण नुकताच पोटभर पाहुणचार झाला होता, तेव्हा सोंड खाली आली.

निकाल तिथंच लागला. सोनाक्कानं पोरांसह जंगल सोडावं. धाकट्याला अजून चालवत नव्हतं. तिनं त्याला तोंडात धरलं, थोरल्या दोघांना पुढं घातलं आणि ती गेली. कुठं गेली, मला माहीत नाही. धाकटं जगलं का, तेही माहीत नाही. मला विचारू नका.

ओढा त्याच संध्याकाळी पुन्हा लाल झाला. पण डोहाकाठी आता कोणी राहत नव्हतं. तक्रारच आली नाही, तेव्हा पाणी स्वच्छ झाल्याचं प्रधानजींनी जाहीर केलं.

तात्पर्य : बाळांनो, घाण दिसली तर खुशाल नाक धरा, तोंड फिरवा, लांबच्या वाटेनं घरी जा. पण ती उचलू नका. घाण टाकणाऱ्याची कधीच नसते, जो उचलतो त्याची असते.