स्टुलाची उत्तर दिशा

कर्जत-खालापूर पट्ट्यात एक सत्य अनुभवाने सिद्ध झाले आहे. ज्याचा नकाशा मंजूर होतो ते कधी बांधले जात नाही, आणि जे बांधले जाते त्याचा नकाशा कोणी पाहत नाही. या सत्याच्या पायावर इथली असंख्य घरे सुखाने उभी आहेत. काहींना तर त्यामुळे एक मजला जास्त मिळाला आहे.

कर्जतचा ड्राफ्ट्समन कपिल या सत्याची सतरा वर्षे सेवा करीत होता. शेतघरे, बंगले आणि चाळी मिळून त्याने चारशे बारा नकाशे काढले. नामंजूर झालेले: शून्य. नकाशाप्रमाणे बांधले गेलेले: एक. (तिथला गवंडी नवा होता, नकाशा वाचत असे. घरमालक अजून कपिलशी बोलत नाही.)

कपिलचे कौशल्य समजून घेतले पाहिजे. पोहण्याच्या तलावाला तो शेततळे म्हणत असे, लग्नाच्या हॉलला भाताचे कोठार. जी भिंत असायला नको ती तो इतक्या बारीक रेषेने काढी की पहिल्याच झेरॉक्समध्ये ती उडून जाई. पण त्याची खरी ताकद झाडांत होती. नकाशावर जिथे झाड असते तिथे झाडाखाली काय आहे, हे कोणी विचारत नाही. एका बंगल्याचा अख्खा दुसरा जिना त्याने एका आंब्याखाली घातला होता. तो आंबा अजून लावायचा आहे; जिना वापरात आहे.

अशा माणसाकडे कडावची उज्वला एक स्टूल घेऊन आली.

उज्वला खोपोलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिच्या सासूबाई, गंगाबाई, यांचे गुडघे चाळीस वर्षांच्या भातलावणीत गेले होते. गुडघे गेले, पण विळी सुटली नाही. ओट्याशी उभे राहून सुरीने भाजी चिरणे हा त्यांच्या मते दवाखान्यातला प्रकार होता. तेव्हा उज्वलाने गावच्या नामा सुताराकडून फणसाच्या लाकडाचे एक बुटके स्टूल करून घेतले. चार नमुने नापास झाले, पाचवा गंगाबाईंना बसला. पाय तीन, उंची एक वीत चार बोटे, बैठक किंचित पुढे झुकलेली आणि उजव्या बाजूला एक खोल खाच. त्या खाचेतून उजवा पाय सरळ खाली उतरे आणि विळीच्या पाटावर घट्ट बसे. डावीकडून पाहिले तर ते स्टूल बदकासारखे दिसे, वरून पाहिले तर चावा घेतलेल्या भाकरीसारखे. कोणत्याही दोन बाजूंनी ते सारखे दिसत नसे.

कडावमध्ये गुडघे गेलेल्या बायका (गंगाबाईंच्या मोजणीनुसार) एकशे तीस आहेत. शाबूत गुडघ्यांच्या नऊ. पैकी चार सुना नव्या आहेत. म्हणजे मागणी उघड होती. म्हणून कोणी नक्कल करण्याआधी उज्वलाने स्टुलाच्या आकाराची सरकारदरबारी नोंद करायचे ठरवले. याला डिझाइनची नोंदणी म्हणतात. लोक पेटंट म्हणतात. अर्जासोबत वस्तूची चित्रे लागतात: पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरके. उज्वलाचा नवरा प्रबुद्ध हा कपिलचा शाळासोबती होता. तो म्हणाला, ज्याचा एकही कागद आजवर परत आला नाही त्याच्याकडेच जाऊ. यात तर्काची काहीच चूक नव्हती.

"जय भीम, कपिलदादा," उज्वलाने जुन्या साडीत गुंडाळलेले स्टूल टेबलावर ठेवले. "हे जसं आहे तसं काढायचंय."

"ठेवा वहिनी तिकडं. काम झालंच समजा."

तीन पायांची वस्तू डगमगत नाही, एवढा स्टुलाचा गुण कपिलने त्याच दिवशी ओळखला आणि कित्येक वर्षे डगमगणारा आपला प्रिंटर त्यावर ठेवला. चित्र काढण्यासाठी वस्तू पाहावी लागते असे त्याच्या मनातही आले नाही. चारशे बारा प्लॉटपैकी तो किती पाहून आला होता? सातबारा आणि मालकाची इच्छा, एवढ्यावर त्याचे भागत असे.

पाच दिवसांत नकाशा तयार झाला. सुंदर होता. वर ठळक अक्षरांत 'कडाव येथील प्रस्तावित स्टूल'. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. उंची सवयीने चार बोटे कमी. मागची बाजू पुढच्यासारखीच, कारण रस्ता पुढे असतो आणि मागे कोणी जात नाही. खाच त्याला थोडी अडचणीची वाटली, म्हणून ती तुटक रेषेने दाखवून 'भावी विस्तार' असे लिहिले आणि वर एक झाड काढले. एकटे झाड बरे दिसेना, म्हणून डावीकडेही एक.

अर्ज दाखल झाला. त्रुटी असल्यास सहा महिन्यांत दूर कराव्यात, अन्यथा अर्जदाराने अर्ज सोडून दिला असे धरले जाईल, असा नियम होता. कपिलने तो वाचला नाही. त्रुटी हा शब्द त्याला ऐकून माहीत होता.

दोन महिन्यांनी पत्र आले. कपिलने कडावला जाऊन, ओट्याशी उभे राहून चहा घेता घेता ते मराठीत सांगितले:

१. चित्रे अस्पष्ट आहेत.
२. पुढचे व मागचे चित्र एकच असून त्यांत पायांची संख्या मात्र अनुक्रमे तीन व चार आहे.
३. तुटक रेषांचा खुलासा व्हावा.
४. चित्रावरील मजकूर काढावा.
५. उत्तर दिशेचे प्रयोजन कळत नाही.
६. झाडे हा वस्तूचा भाग आहे किंवा कसे, ते अर्जदाराने स्पष्ट करावे.

गंगाबाई पलंगावर बसून ऐकत होत्या. स्टूल कर्जतला प्रिंटरखाली असल्यामुळे गेले दोन महिने घरात भाजी शिजत नव्हती. म्हणजे शिजत होती, पण ती सुनेने सुरीने कापलेली होती.

"झाडं कशापायी काडलीस रं?" त्या म्हणाल्या. "मला बसायचं हाय, आंबं नाय उतरवायचं."

"मावशी, झाडाने शोभा येते."

"आन चवथा पाय?"

"तो मजबुतीला."

"नामानं तीन लावलं. तू कर्जतात बसून चवथा लावलास. लई मोठा सुतार तू."

कपिलने दुसरा नकाशा केला. झाडे खोडली, बाण खोडला, मजकूर खोडला. खाचेचा प्रश्न त्याने मुळातून सोडवला: खाचच काढून टाकली. जे दाखवले नाही त्यावर हरकत येत नाही, हे त्याच्या धंद्याचे पहिले सूत्र होते. तिरक्या चित्रात मात्र ती चुकून राहून गेली.

या वेळचे पत्र दोनच ओळींचे होते. सातही चित्रे परस्परांशी जुळत नाहीत. ही एका वस्तूची सात चित्रे आहेत की सात वस्तूंची प्रत्येकी एक, हे कळवावे.

कपिल हादरला. दोन कागद शेजारी ठेवून पाहणारा अधिकारी त्याने आजवर पाहिला नव्हता. हा तर सात ठेवत होता. त्याने पत्रावरच्या नंबरला फोन लावला.

"साहेब, पाहणीला कधी येताय? गावठी कोंबडी आहे."

"पाहणी नसते. आम्ही फक्त चित्र बघतो."

"वस्तू नाही बघत?"

"नाही."

"मग खरं काय आहे ते कसं कळणार?"

"चित्रावरून," पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला.

कपिलने फोन खाली ठेवला. आपल्या नकाशावर कोणी विश्वास ठेवेल, ही शक्यता त्याने सतरा वर्षांत एकदाही धरली नव्हती.

सहा महिन्यांपैकी आता एकोणीस दिवस उरले होते, आणि ते मोजणारे एकूण दोघे होते. एक उज्वला. दुसरा जितेश. कुंभिवलीला हायवेलगत त्याची प्लास्टिकच्या वस्तूंची शेड होती. अर्ज दाखल झाल्यावर उज्वलाने स्टुलाचे फोटो त्याला दाखवले होते आणि त्याने नोंदणीचा नंबर आला की तिच्याशी करार करायचे कबूल केले होते. नंबर नाही आला तर काय, याबद्दलही तो प्रामाणिक होता.

"ताई, मी घाई करत नाय," तो फोनवर म्हणाला. "एकोणीस दिवस राहिले ना? मी पण कॅलेंडरवर खुणा करतोय. इसाव्या दिवशी ते काय तुमचं एकटीचं राहत नाय. मंग माझा मी साचा टाकला तर राग धरू नका."

उज्वला त्या दिवशी कामावरून परस्पर कर्जतला गेली. तिने प्रिंटर उचलून जमिनीवर ठेवला, स्टूल काखेत घेतले आणि म्हणाली, "दादा, चला कडावला. ज्यांचं आहे त्यांच्यासमोर काढा."

गंगाबाईंनी स्टूल जमिनीवर ठेवले, समोर विळी मांडली आणि सुक्या बोंबलांची पाटी पुढे सरकवली.

"बस. डोकी उडव."

"मावशी, मी चित्र काढायला आलोय."

"आदी बस म्हनते ना!"

कपिल बसला. उजवा पाय कुठे ठेवावा ते त्याला कळेना. त्याने तो पुढे केला, मागे घेतला, दुमडून पाहिला. मग पाय आपोआप खाचेत उतरला आणि विळीच्या पाटावर जाऊन बसला. बैठकीने त्याला किंचित पुढे लोटले. विळी हलली नाही. त्याने एका बोंबलाचे डोके उडवले, मग दुसऱ्याचे. पाटीतले निम्मे बोंबील त्याने तसेच संपवले.

"समाजलं का, खाच कशाला हाय?"

"समजलं."

"आन तू झाड लावलंवतंस तिथं."

मग त्याने कागद काढला. सात चित्रांना सारा दिवस गेला. उंची मोजताना हाताने सवयीने दोन बोटे गाळली, तेव्हा गंगाबाईंनी आपली वीत स्टुलाला लावून दाखवली. "माजी वीत हाय ती. कमी कशी व्हईल?" सर्वात कठीण गेली खालची बाजू. घरांना खालची बाजू नसते. कपिलने स्टूल उलटे केले आणि पाहिले: तीन पायांचे बुंधे, नामाच्या रंध्याच्या खुणा, खाचेची आतली वळलेली कड. आहे ते आहे तसे काढताना त्याला रस्त्यावर उघड्याने आंघोळ करत असल्यासारखे वाटत होते. पण रेषा सगळ्या एका जाडीच्या आल्या, आणि एकही झेरॉक्समध्ये उडाली नाही.

मुदतीला अकरा दिवस असताना कागद गेले. या वेळी पत्र आले नाही. नंबर आला. जितेशने कॅलेंडर उलटे करून भिंतीला लावले आणि उज्वलाशी करार केला. साहेबांच्या पाहणीसाठी राखलेली कोंबडी शेवटी कपिलला खाऊ घालण्यात आली.

गोष्ट इथे संपली असती तर सर्वांचे भले झाले असते. परंतु त्याच महिन्यात जितेशने कडावजवळ जागा घेतली आणि शेतघराचा नकाशा अर्थातच कपिलकडे दिला. अकरा खोल्या, पोहण्याचा तलाव, लग्नाचा हॉल. कपिल, जन्मात पहिल्यांदा, प्लॉट पाहून आला. मग त्याने अकरा खोल्या काढल्या आणि प्रत्येकीत 'खोली' असे लिहिले. तलावाला तलाव म्हटले, हॉलला हॉल. झाडे दोन काढली, कारण प्लॉटवर दोनच होती.

नकाशा चार दिवसांत परत आला. शेरा असा: 'नकाशा अत्यंत अस्पष्ट आहे. काय बांधायचे आहे याचा बोध होत नाही. स्पष्ट करून फेरसादर करावा.'

"कपिलभाऊ, हे काय काढलंस रं?" जितेश नकाशा हातात धरून ओरडला. "यात तर सगळं दिसतंय!"

कपिलने दुरुस्ती करून पाहिली. शेततळे असा शब्द लिहायला घेतला आणि हात थांबला. आंब्याचे झाड काढायला गेला तर खाली जिना दिसू लागला. शेवटी जितेशने फाईल नेरळच्या एका तरुणाकडे नेली. तिथे तलावाचे शेततळे झाले, अकरा खोल्यांवर अकरा आंबे आले आणि मंजुरी नऊ दिवसांत मिळाली. कपिलचा हिशेब आता चारशे बारा मंजूर, एक नामंजूर असा आहे. नामंजूर झालेला तो एकच नकाशा त्याने भिंतीवर लावला आहे. कामे कमी झाली आहेत. प्रिंटर पुन्हा डगमगतो.

हे वाचून कपिलची कीव करणाऱ्यांनी एक करावे. आपल्या घराचा मंजूर नकाशा बाहेर काढावा. (तो कपाटात, लाइट बिलांच्या फाईलखाली असतो.) तो मांडीवर उलगडून, आपण आत्ता ज्या जागी बसून हे वाचत आहात ती जागा त्यात शोधावी. बहुतेक तिथे कुंड्या ठेवायची कड असेल, नाहीतर गॅलरी संपल्यानंतरची मोकळी हवा, नाहीतर एखादे डेरेदार झाड. घाबरू नये. दोन कागद शेजारी ठेवून कोणी पाहत नाही, आणि ज्या अर्थी इतकी वर्षे आपण पडला नाहीत, त्या अर्थी पुढेही पडणार नाही. उज्वलाचे स्टूल आता बाजारात चार रंगांत मिळते, अवश्य घ्यावे. नकाशाबरहुकूम असलेली ती आपल्या घरातली एकमेव वस्तू असेल. ठेवताना एवढेच पाहावे, की मंजूर नकाशाप्रमाणे तिथे जमीन आहे.