पोवळ्यांसाठी अळणी

मंगळवारची पूजा आटोपून वत्सलाबाई हॉलमध्ये आल्या आणि काचेच्या टाकीपुढे थबकल्या. एरवी फुलासारखी पसरलेली पोवळी आज मुठी आवळून बसली होती.

"अहो, इकडे या. ही मिटलीत!"

रंगनाथराव वर्तमानपत्रातून बाहेर आले नाहीत. "झोपली असतील."

"पूजा झाली, चहा झाला, अजून कसली झोप?"

टाकी सुनेची, चैतालीची. खाऱ्या पाण्याची, आत समुद्रातली जिवंत पोवळी. त्यांना सोडून जायचं कसं, म्हणून ती आणि योगेश लग्नानंतर कुठे फिरायलाच गेले नव्हते. या खेपेला वत्सलाबाईंनीच आग्रह करून दोघांना केरळला पाठवलं होतं. निघताना चैताली म्हणाली होती, "आई, टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र आत राहतं. म्हणून रोज फिल्टरचं पाणी घालायचं, या रेषेपर्यंत. बाकी काही नको. तुम्ही आहात म्हणून निर्धास्त जातेय."

तो 'निर्धास्त' शब्दच आता वत्सलाबाईंना आठवत राहिला. पोरीची पोवळी गेली, तर ती पुन्हा काही सोपवून जाईल का? नुसतं घरातून पाऊल तरी बाहेर टाकेल का?

"चैतालीला फोन लावू?"

"लाव. म्हणजे ती बोटीतून उडी मारून परत येईल." रंगनाथराव उठले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली होती, त्यामुळे बिघाड म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. "आधी कारण शोधू. थंडी बघ किती पडलीय. गारठली असतील."

त्यांनी टाकीला गोधडी गुंडाळली. दुपारपर्यंत पोवळी आणखी आक्रसली. मग त्यांना उजेड कमी पडतोय असं वाटलं, म्हणून गोधडी काढून टेबललॅम्प लावला. शेवटी त्यांचं बोट देवघराकडे वळलं.

"तुझी उदबत्ती. धूर पाण्यात उतरतो."

वत्सलाबाईंनी उदबत्ती गॅलरीत नेली. देव आत आणि धूर बाहेर, अशी पूजा त्यांनी आयुष्यात केली नव्हती. तरी पोवळी मिटलेलीच.

शेजारच्या कुसाबाई डोकावल्या. त्या मूळच्या सायखेड्याच्या. कुणाच्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच निदान असायचं.

"नजर लागली, दुसरं काय नाय! परवा ती तिसऱ्या मजल्यावरची बाई लय टक लावून बघत होती. मीठ-मिरच्या आण, मी काढते दृष्ट."

मीठ शोधायला लागलंच नाही. टाकीचं पाणी खारं करायचं मीठ बादलीभर तिथंच होतं. कुसाबाईंनी त्यातलं मूठभर ओवाळून गॅसवर टाकलं. मिरच्यांचा असा ठसका उठला, की रंगनाथराव खोकत जिन्यापर्यंत गेले.

"उदबत्तीचा धूर चालत नाही," ते तिथून ओरडले, "आणि हा चालतो?"

दुसऱ्या दिवशी पोवळ्यांचा रंगही फिका दिसू लागला. पोवळं म्हणजे मंगळाचं रत्न, आणि मिटली तीही मंगळवारीच. वत्सलाबाईंनी गणपतीपुढे डोळे मिटून हात जोडले. "देवा, सगळी पोवळी उमलेपर्यंत मीठ सोडलं."

जेवताना रंगनाथरावांनी आमटीचा भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली. "यात मीठ नाही."

"नवस बोललेय."

"तू बोललीस. मी कुठे बोललो?"

"घरात दोन आमट्या होत नाहीत."

रंगनाथरावांनी समोर पाहिलं. टाकीत खारं पाणी, टाकीखाली बादलीभर मीठ, आणि आपल्या ताटात अळणी भेंडी. त्या दिवसापासून पोवळ्यांच्या तब्येतीची त्यांना मनापासून काळजी वाटू लागली. ते जेवायच्या आधी टाकीपाशी जायचे आणि उतरलेल्या चेहऱ्यानं ताटावर यायचे.

वत्सलाबाई मात्र सेवेत कुठे कमी पडत नव्हत्या. उलट पोवळी जितकी कोमेजत, तितक्या त्या पाण्याला जपत. सोवळ्यात भरत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

अखेर चैतालीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, माझी बाळं दाखवा ना!"

लपवायला जागाच उरली नाही. वत्सलाबाईंनी फोन टाकीपुढे धरला.

"आई... पाण्यात काही पडलंय का? औषध, साबण?"

"नाही गं बाई. तू सांगितलंस तेच. फिल्टरचं पाणी, रेषेपर्यंत."

"बाबा, काही बदललं का तुम्ही?"

"मी फक्त गोधडी, दिवा आणि उदबत्ती बघितली," रंगनाथराव म्हणाले. "आणि अळणी जेवलो."

"आई, पाणी कसं घालता ते करून दाखवा बघू."

वत्सलाबाईंनी फोन रंगनाथरावांकडे दिला आणि पाणी घेऊन आल्या. चिंचेनं घासून लखलखीत केलेला तांब्याचा तांब्या.

"थांबा! आई, ओतू नका!"

"अगं, फिल्टरचंच आहे! नुसतं फिल्टरचं पाणी म्हणजे निर्जीव. म्हणून रात्रभर तांब्यात ठेवते. आपण सगळे हेच पितो की. ही आजारी पडल्यापासून तर मी तांब्या जास्तच घासून ठेवतेय."

"आई," चैताली हळूच म्हणाली, "तांबं आपल्याला चालतं. पोवळ्यांना ते विष आहे."

वत्सलाबाईंनी तांब्या टाकीपासून लांब नेऊन ठेवला. "म्हणजे मीच..."

"तुम्ही त्यांना घरच्या माणसांसारखं पाणी दिलंत, एवढंच. घाबरू नका, आम्ही निघतोच."

दोघं आली. चैतालीनं बॅगही न उघडता टाकीतलं बरंचसं पाणी बदललं आणि तांबं शोषणारी पिशवी आत सोडली. जेवताना तिनं पहिल्याच घासाला सासूकडे पाहिलं. योगेशनं कानात काहीतरी सांगितलं. तिनं मिठासाठी उचललेला हात परत घेतला आणि अळणी आमटी भातावर दुसऱ्यांदा वाढून घेतली.

दोन-तीन दिवसांत एकेक पोवळं सैल झालं, मग पसरलं. "उमलली!" रंगनाथराव ओरडले आणि थेट स्वयंपाकघरातून मिठाची बरणी घेऊन आले. "वाढ पान!"

वत्सलाबाईंनी चष्मा लावून टाकी नीट न्याहाळली.

"ते कोपऱ्यातलं अजून मिटलेलं आहे."

"अगं, एक तर राहिलंय!"

"मी देवाला 'सगळी' म्हटलंय."

संध्याकाळी आरतीची घंटा वाजली. आरतीच्या वेळी कधीही वर्तमानपत्र खाली न ठेवणारे रंगनाथराव आज टाकीपुढे उभे होते. कोपऱ्यातल्या पोवळ्याकडे बघत त्यांनी हात जोडले होते, डोळेसुद्धा मिटले होते.

"उमल रे बाबा, आता तरी उमल!"

"अहो, हळू," देवघरातून वत्सलाबाई म्हणाल्या. "घाबरून बाकीची मिटतील."