रोजचा आणि रानातला चाकू

आमच्या मेहुण्याने मला कॅम्पिंगला बोलावलं, तेही हिणवून. "दाजी, तुम्ही नुसते या. काही आणू नका, तुम्हाला झेपायचं नाही!" झालं! मी पेटलोच. चाकू मीच आणणार, आणि असा आणणार की रानात लाकूड तासेल नि ऑफिसात पाकीट फोडेल!

दुकानदार म्हणाला, "रोज खिशात ठेवायचा तर छोटा घ्या. कॅम्पिंगला जाड पात्याचा लागेल."

"मला एकातच दोन्ही हवं!"

पोहायला आणि लग्नाला चालेल असा एकच पोशाख मागावा, तसा त्याचा चेहरा झाला. पण मी हटतोय कसला! प्रत्येक चाकूची मूठ तोलून, खटके उघडून-मिटून, त्याचा अंत पाहून मी एक घडीचा चाकू निवडलाच. पातं दणकट, शिवाय आत कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर!

"आठवडाभर ऑफिसात वापरून बघतो," मी बायकोला म्हटलं.

"बोटं सांभाळा," ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी मी ऐटीत एक पार्सल फोडलं. तिथेच फसलो! टायपिस्टबाईंचं सफरचंद, अकाउंटंटच्या बाहीचा दोरा, साहेबांच्या खुर्चीचा ढिला स्क्रू... जो तो म्हणे, "जरा येता का?" माझी कामं तुंबली, पण अंगावर मूठभर मांस चढलं.

रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेब दचकले. "आत्ता? अहो, नवा माल येतोय. एवढी खोकी कोण फोडणार?"

मागून अकाउंटंट कळवळला, "हे गेले तर आमचं कसं व्हायचं!"

नोकरीचं सार्थक झालं! तरी मी ठाम राहिलो. "साहेब, रजा हवी म्हणजे हवी!"

साहेबांनी डोकं खाजवलं. मग एकदम खुलले. "असं करा, तुम्ही खुशाल जा. चाकू ठेवून जा!"

अख्ख्या ऑफिसने सुटकेचा नि:श्वास टाकला.

रानात मेहुण्याने हात पुढे केला. "दाजी, चाकू?"

"ऑफिसात आहे."

तो पोट धरधरून हसत असतानाच ऑफिसचा फोन आला. अडलं ना शेवटी माझ्यावाचून!

"काय, परत येऊ का?" मी विचारलं.

"छे, छे! सावकाश या," साहेब म्हणाले. "फक्त त्यातली कात्री कशी बाहेर काढायची, तेवढं सांगा."

मी सांगितलं. बिस्किटांचा पुडा फोडायला दातांत धरला होता, म्हणून दोनदा सांगावं लागलं.