अधिकृत उंची

इंदूरच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाला नऊ आठवड्यांचे आयुष्य लाभले. त्याचा मृत्यू नैसर्गिक होता, म्हणजे नियमानुसार.

लीग लहान होती, सहाच शहरांची. नियमावली मात्र भरघोस. त्यातला चौदावा नियम असा: सामान्य उंचीच्या खेळाडूंस प्रोत्साहन मिळावे म्हणून प्रत्येक संघाने पाच फूट आठ इंचांखालील किमान एक खेळाडू सतत मैदानात ठेवावा. या नियमामुळे आमच्या अन्नपूर्णा भागातल्या नीरज पागनीसला जागा मिळाली. उंची पाच फूट पाच. पक्की नोकरी सोडून तो आला होता. उंच मंडळी त्याच्या हातातला चेंडू शोधायला खाली वाकत, तोवर बास्केट झालेली असे. पहिले तीन सामने आम्ही जिंकलो. ‘नीरज भिया!’ असे इंदुरी ढंगात ओरडून माझा घसा बसला.

चौथ्या सामन्याला नीरज बाकावर होता. त्याच्या जागी संघमालक प्रतापरावांचे भाचे देवांश उतरले. उंची सहा फूट तीन.

“प्रतापरावजी, हे कसं काय?” नीरजने विचारले.

“डॉक्टरचा दाखला आहे ना. पाच फूट सात.”

“अहो, मी त्याच्या काखेत मावतो!”

“तो तुझा पर्सनल मामला आहे,” प्रतापराव शांतपणे म्हणाले.

दाखला खोटा नव्हता. डॉक्टरांनी देवांशना गुडघ्यांत वाकवून मोजले होते, आणि मोजताना सरळ उभे राहावे असे नियमात कुठेही लिहिलेले नव्हते.

नीरज पंचांसमोर जाऊन देवांशच्या शेजारी उभा राहिला. पंचांनी मान वर केली नाही.

“देखो भिया, डोळ्यांनी बघितलं तर माझ्यावर इन्क्वायरी बसेल. कागद बघितला तर नाही बसणार.”

बाकीचे संघ झोपलेले नव्हते. सहाव्या आठवड्यापर्यंत लीगमधला एकूण एक खेळाडू पाच फूट सातवर येऊन थांबला. पाहुण्या संघातल्या एकाचे कपाळ दाराच्या चौकटीवर फुटले, तेव्हा अपघाताच्या नोंदीत ‘उडी मारत आत आला’ असे लिहावे लागले.

मग लीगच्या समितीने आकडेवारी अभ्यासली. निष्कर्ष निघाला की बुटक्यांना आता प्रोत्साहनाची गरज नाही. उलट उंच खेळाडू नामशेष झाले आहेत. नवा नियम आला: प्रत्येक संघात सहा फुटांवरचा एक खेळाडू हवाच. सगळे नवे दाखले घेऊन धावले.

“पंधरा दिवसांत आठ इंच कसे वाढलात? लेखी खुलासा करा,” समिती म्हणाली.

जुना दाखला खरा मानला तर उंच माणूस नाही, नवा मानला तर फसवणूक. खुलासा कुणालाच जमेना आणि नवव्या आठवड्यात लीग बरखास्त झाली.

आम्हा चाहत्यांना फार लागले ते. कृष्णपुऱ्याला आम्ही मेणबत्त्या लावल्या. ‘नीरज के साथ गलत हुआ’ हा सर्वांत मोठा फलक माझ्या हातात होता.

नंतर नीरज मोहल्ल्यातल्या मुलांना बास्केटबॉल शिकवू लागला. बारा वर्षांखालच्या स्पर्धेचे अर्ज निघाले, तेव्हा मी माझ्या मुलीला, पलकला, घेऊन गेलो.

“कितवीत आहेस गं?” नीरजने तिला विचारले.

“नववीत.”

मी तिचा दंड दाबला, पण उशीर झाला होता.

“दाखल्यावर अकरा वर्षं आहेत,” मी म्हणालो. “सगळेच करतात, भिया. आप तो समझ सकते हो.”

नीरजने अर्ज माझ्या हातात परत दिला आणि रांगेतल्या पुढच्या मुलीला बोलावले.

मला मनापासून वाईट वाटले. ज्याच्यासाठी आपण भर रस्त्यात फलक धरून उभे राहिलो, त्याने एवढेही करू नये? पाच फूट पाच इंचांच्या माणसाला इतका ताठा शोभत नाही.